खोका, खुलासा आणि स्टूल

सुतार खोका घेऊन आला त्या दिवशी मी त्याला स्वतःच्या खिशातून चहा पाजला होता. जुन्या टपाल-कपाटाच्या फळ्यांतून त्यानं तो बनवला होता. बारा खण, प्रत्येक खणाखाली नावाची पट्टी. सकाळी पावणेदहाला हजेरीपटावर सही झाली की फोन खणात ठेवायचा, तो सव्वासहाला उचलायचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत मी नायब तहसीलदार होतो. माझ्या शाखेत मला धरून बारा माणसं, खणही बारा. त्यातला बारावा कायम रिकामा असायचा, कारण तो माझा होता.

माझा फोन टेबलाच्या काचेवर, उजव्या हाताशी. "वरून फोन येतात," हे माझं कारण. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्या आड मी बरीच वर्षं निवांत बसू शकलो.

खोक्याला निमित्त घडलं होतं. खिडकीशी माणूस उभा असताना आमचा एक लिपिक टेबलाखाली मोबाईल धरून मॅच बघत होता. उभ्या माणसानं ते आपल्या मोबाईलवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरवलं. मला वरून बोलणी बसली. मी खाली बोललो. मग सुताराला बोलावलं.

आधार म्हणून शासनाचं परिपत्रक होतंच. सामान्य प्रशासन विभागानं २३ जुलै २०२१ रोजी कार्यालयातल्या मोबाईल वापराबद्दल ते काढलं. शक्यतो कार्यालयाचा दूरध्वनी वापरावा, मोबाईल गरजेपुरताच. बोलताना आवाज सौम्य असावा, आजूबाजूला माणसं आहेत याचं भान ठेवावं. वैयक्तिक फोन असेल तर बाहेर जाऊन घ्यावा, अशा सूचना त्यात होत्या. त्याची प्रत मी फलकावर लावली आणि दोन ओळींखाली लाल पेनानं रेघ मारली. वैयक्तिक फोनच्या आणि आवाजाच्या. त्याच परिपत्रकात लोकप्रतिनिधींचे आणि वरिष्ठांचे फोन विनाविलंब उचलावेत असंही होतं. तिथं रेघ मारायची मला गरजच वाटली नाही, ते तर मी आधीपासून पाळत होतो. आजूबाजूच्या माणसांचं भान ठेवण्याची सूचना माझ्यासाठीही असेल, हे डोक्यात आलंच नाही. साहेबाच्या आजूबाजूला माणसं नसतात, साहेब माणसांच्या आजूबाजूला असतो, अशी काहीतरी माझी समजूत असावी.

आता वाचताना एक गोष्ट लक्षात येते. ज्या तारखेला ते परिपत्रक निघालं, त्या तारखेला आम्ही महापुरात होतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. जुलै २०२१ च्या त्या आठवड्यात पाणी दोन्ही रेघा ओलांडून वर गेलं होतं. २०१९ चा पूर अंगावर घेतलेली आम्ही माणसं. कुठल्या गावाचा रस्ता बंद झाला, कुठल्या वाडीत बाळंतीण अडकली, कुठल्या शाळेत किती माणसं आणि किती जनावरं हलवली, सगळं मोबाईलच्या ग्रुपवर. तलाठी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फोटो टाकायचे. त्या चार-पाच रात्री ग्रुपवर 'तातडीचे' असा शब्द आला की अंगावर काटा यायचा आणि माणूस उठून बसायचा. फोन होता म्हणून माणसं वाचली, हे मी कुणाहीसमोर सांगेन.

पूर ओसरला. ग्रुपमधलं पाणी काही ओसरलं नाही.

पुरात लागलेली सवय आम्ही पुढं सुक्या दिवसांतही चालू ठेवली. दौऱ्याची तारीख तातडीची, बैठकीचा गोषवारा तातडीचा, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक कुठं लावायचा तेही तातडीचं. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा लागू झालेला. शनिवार-रविवार कचेरीला कुलूप, पण कचेरी प्रत्येकाच्या उशीशी. वरून मला रात्री नऊला निरोप आला की मी तो साडेनऊला खाली ढकलायचो. उत्तर आलं नाही तर निळ्या खुणा मोजायचो. २०१४ च्या अखेरीला व्हॉट्सॲपनं त्या निळ्या खुणा आणल्या आणि माझ्यासारख्यांच्या हाती आयतं हजेरीपुस्तक आलं. वाचलं कुणी, वाचून गप्प कोण बसलं, हे मी अंथरुणात पडून तपासत असे. आणि याला मी माझी कामसू वृत्ती म्हणत असे. "मी रात्री अकरालासुद्धा काम करतो," असं मी घरी, सासुरवाडीला, लग्नाच्या पंगतीत सांगितलेलं आहे. मी करतो म्हणजे दुसऱ्यांनाही करायला लावतो, एवढं पुढचं वाक्य मात्र तोंडात यायचं नाही.

आता त्या खुलाशाचं सांगतो.

शाखेतल्या एक मॅडम रोज दुपारी एकच्या सुमाराला उठून बाहेर जायच्या. आधी मी दुर्लक्ष केलं. मग पाळत ठेवली. त्या खोक्यातून फोन काढायच्या, जिन्याखाली जायच्या आणि दोन मिनिटांत परत यायच्या. रोज. अपवाद एकाचा केला तर अकरा जण अपवाद मागतील, हे माझं प्रशासनशास्त्र. मी तोंडी काही विचारलंच नाही; सरळ ज्ञापन काढलं. कार्यालयीन शिस्तीचा भंग केल्याबद्दल आपणांविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.

खुलासा दुसऱ्याच दिवशी आला. टंकलिखित, समास सोडून, आवक क्रमांक टाकून. त्यांचा मुलगा सकाळच्या शाळेतून एक वाजता घरी येतो, घरी दुसरं कुणी नसतं, कुलूप उघडून आत गेल्यावर तो 'पोचलो' एवढं सांगायला फोन करतो. सदर संभाषण एक मिनिटाच्या आत संपते. यापुढे आदेशाचे पालन करण्यात येईल. इथपर्यंत ठीक होतं. खाली आणखी एक परिच्छेद होता: तथापि, याच भ्रमणध्वनीवर कार्यालयीन वेळेनंतर प्राप्त झालेल्या सूचनांची गेल्या महिन्याची यादी अवलोकनार्थ सोबत जोडली आहे.

यादी तीन पानांची होती. रकाने आखलेले: अनुक्रमांक, दिनांक, वेळ, सूचनेचा आशय, पूर्तता केल्याची वेळ. एकूण सत्तेचाळीस नोंदी. सगळ्या माझ्या.

पहिल्यांदा मला राग आला. साधा नव्हे, 'हिची हिंमत कशी झाली' असा राग. मी ती नस्ती टेबलाच्या खणात टाकली. दोन दिवसांनी घरी नेली आणि रात्री जेवणानंतर वाचायला बसलो, काहीतरी चूक सापडेल या आशेनं. वेळा तपासायला मी माझाच फोन काढला. एकही चूक नव्हती. शेवटची नोंद एका रविवारची होती. वेळ रात्रीचे १०.५२. आशय: 'माहिती निरंक असली तरी तसे आजच कळवा.' पूर्तता: १०.५८.

सरकारी नोकरी न केलेल्यांसाठी सांगतो. निरंक म्हणजे काही नाही. विचारलेल्या गोष्टीबद्दल आमच्याकडं सांगण्यासारखं काहीही नाही, असं लेखी कळवणं म्हणजे निरंक अहवाल. रविवारी रात्री अकराला मी एका बाईला झोपेतून उठवून, काही नाही, असं लिहून घेतलं होतं. आणि त्याच बाईला तिच्या पोराचा 'पोचलो' हा शब्द ऐकू देत नव्हतो.

मी १९९० च्या आसपास लिपिक म्हणून लागलो तेव्हा कचेरीत एकच फोन होता, काळा, मोठ्या साहेबांच्या टेबलावर. त्याच्या तबकडीच्या भोकात एक लहानसं कुलूप अडकवलेलं असायचं. बाहेरून आलेला फोन घेता यायचा, आपल्याला लावायचा तर किल्ली साहेबांकडं. आमच्यापैकी कुणाचा बाप गेला तरी निरोप त्या टेबलावरून यायचा. त्या कुलपाची मला तेव्हा चीड होती. तीस वर्षांनी मी त्याहून मोठं कुलूप सुताराकडून करून घेतलं आणि त्याला चहा पाजला.

मधल्या काळात मोबाईल आला तो महाग होता. देशातलं पहिलं मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्लीच्या दरम्यान झालं, ज्योती बसू आणि सुखराम यांच्यात. तेव्हा आणि पुढं बरीच वर्षं आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, तोवर आपण सगळे फार सुसंस्कृत होतो. थोडक्यात बोलायचो, मिस्ड कॉलवर भागवायचो, रात्री-अपरात्री कुणाला त्रास द्यायचो नाही. माझी पिढी त्या काळाचे गोडवे गाते. पण त्यात संस्काराचा भाग थोडा, बिलाच्या धास्तीचा जास्त. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, दुसऱ्याला हाक मारण्याची किंमत शून्य झाली, आणि कुणाला कधी हाक मारावी हे आपलं आपण ठरवायची वेळ प्रथमच आली. त्या परीक्षेत मी साफ नापास झालो होतो.

ज्ञापन मी मागं घेतलं. मॅडमची माफी मागितली का? तेव्हा नाही. तेव्हा मी नस्तीवर 'खुलासा मान्य' असं लिहिलं आणि सही केली. माझ्यासारख्या माणसाची माफी त्या दोन शब्दांतच अडकते. तोंडानं म्हणायला मला पुढं चार महिने लागले, तेही त्यांची बदली झाली त्या दिवशी.

रात्रीचे निरोप मात्र मी बंद केले. उशाशी वही ठेवली. काही सुचलं, वरून काही आलं, की वहीत लिहायचं आणि सकाळी पावणेदहाला पाठवायचं. पहिल्याच आठवड्यात लाजेनं मान खाली जावी अशी गोष्ट कळली. रात्री लिहिलेल्या दहा निरोपांतले पाच-सहा सकाळी वाचल्यावर पाठवायची गरजच उरत नव्हती. एकतर उत्तर माझ्याच नस्तीत असायचं, नाहीतर प्रश्नच मोडीत निघालेला असायचा. म्हणजे इतकी वर्षं मी निरोप पाठवत नव्हतो; माझी बेचैनी वाटून देत होतो. 'तातडीचे' हा शब्द पूर, आग, अपघात आणि निवडणूक एवढ्यांसाठीच राखला.

त्याच सुमाराला, २०२२ मध्ये, शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची बातमी आली. कडेगाव तालुक्यातलं गाव. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले मोबाईल आणि टीव्ही बंद. मुलांचा अभ्यास, माणसांचं बोलणं. आधीचा मी असतो तर कचेरीत भोंगा बसवायच्या मागं लागलो असतो. या वेळी मला त्यातली दुसरीच गोष्ट दिसली. भोंगा सरपंचासाठीही वाजतो. पोराच्या हातातला फोन सोडवायचा तर बापानंही आपला खाली ठेवायचा, हा त्या योजनेचा प्राण. माझ्या खोक्यात नेमका तोच नव्हता.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबद्दल कामगारांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडं खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशाच अर्थाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. ती बातमी वाचून तेव्हा मी हसलो होतो. 'आता फोन न उचलायचाही कायदा!' असं म्हणालो होतो. हसू येणं साहजिक होतं, कारण मी फोन करणाऱ्यांच्या बाजूला होतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल, साहेब सुधारले. मलाही तसंच वाटलं होतं. रात्र सुधारली होती; दिवस तसाच होता.

शेवटची दोन वर्षं माझ्याकडं संजय गांधी निराधार योजनेचं काम होतं. २०२३ मध्ये अनुदान महिना दीड हजार झालं, त्यामुळं गर्दी वाढलेली. म्हाताऱ्या बायका जास्त. पहिल्या एसटीनं यायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधार, पासबुकाच्या झेरॉक्सा घडी घालघालून ठेवलेल्या. अशीच एक आजी आली होती. अर्ज माझ्यासमोर, अंगठा घ्यायचा होता. मी शाईचं पॅड पुढं सरकवलं, तिनं अंगठा टेकवला, आणि माझा फोन वाजला. वरचा होता. मी उचलला.

फोनवर विशेष काही नव्हतं. एका बैठकीत कोण काय बोललं याची उजळणी, मग दुसऱ्या एका बदलीची चर्चा, मग थोडं हसणं. बोलता बोलता माझी नजर समोर गेली. आजी तशीच उभी होती. डाव्या हाताचा अंगठा हवेत, अंगापासून लांब धरलेला. शाई लुगड्याला लागू नये म्हणून. अर्जावर टेकवावा तर अर्ज माझ्या कोपराखाली. दुसऱ्या हातात पिशवी. किती वेळ ती तशी उभी होती मला माहीत नाही; फोन ठेवल्यावर स्क्रीनवर आकडा दिसला, अकरा मिनिटं आणि काही सेकंद. मी अर्ज पुढं केला. तिनं अंगठा टेकवला. उमटला नाही. शाई वाळली होती.

तिनं तक्रार केली नाही. "पुन्यांदा लावू व्हय?" एवढंच विचारलं. माझा वेळ मोडला म्हणून तीच ओशाळली होती.

त्या दिवशी मला उमगलं की मी ज्याला मोबाईलचा शिष्टाचार म्हणत होतो तो मोबाईलचा नव्हताच. कुणी कुणाला ताटकळत ठेवायचं, याचा तो मामला होता. लिपिकानं मॅच बघून माणसाला उभं केलं तर तो कामचुकारपणा, मी बदल्यांच्या गप्पा मारून उभं केलं तर ते शासकीय काम. फोन तोच, उभा असलेला माणूसही तोच. फरक खुर्चीचा. आणि खुर्ची जितकी उंच तितकी फोन खाली ठेवायची जबाबदारी जास्त, हे उलटं गणित मला नोकरीच्या शेवटच्या वर्षात सुटलं.

मग मी काय केलं? फार मोठं काही नाही. माणूस समोर असताना फोन उपडा ठेवायला लागलो. शाखेत मॅडमच्या फोनची गोष्ट झाल्यावर खोका ऐच्छिक केला होताच. आता घरच्या निरोपासाठी शाखेचा लँडलाईन क्रमांक सगळ्यांना दिला आणि खोक्यात निराधारांचे कोरे अर्ज ठेवले. जिल्ह्याचा फोन आला तर मी तो उचलतच होतो, शौर्याच्या गोष्टी मी सांगणार नाही. पण उचलण्याआधी समोरच्याला सांगायला शिकलो, "मावशी, जिल्ह्याचा फोन हाय, दोन मिनिटं बसा." आणि फोनवर सांगायला शिकलो, "साहेब, समोर अर्जदार आहेत, दहा मिनिटांत करतो." एकदा पलीकडून "मग?" असं आलं. त्या 'मग'ला मला उत्तर सुचलं नाही. पण दहा मिनिटांनीच केला.

काही मतं बदललेली नाहीत, तीही सांगून टाकतो. खिडकीवर बसून रील बघणाऱ्याला मी आजही बोलेन. एसटीत मोठ्या आवाजात व्हिडिओ लावणाऱ्याला हेडफोन घ्यायला सांगेन. स्मशानात फोन वाजू देणाऱ्याकडं वळून बघेन. फक्त आता बोलण्याआधी माझा स्वतःचा फोन कुठं आहे ते चाचपतो.

राहिली स्टुलाची गोष्ट.

आमच्या शाखेत एक शिपाई होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. माझ्या टेबलासमोर अर्जदार उभा असला आणि माझा फोन लांबला की मामा कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल घेऊन यायचे आणि त्या माणसामागं ठेवायचे. वर्षानुवर्षं. शहाबादी फरशीवर ते स्टूल असं काही करकरायचं की फोनवरचं ऐकू यायचं नाही. मी कितीदा तरी खेकसलो असेन, "मामा, उचलून आणा की ते! जरा अक्कल वापरा." मामा मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा ओढतच आणायचे. गुडघे गेले असतील, असं मी धरून चाललो होतो.

माझ्या आधी दोन महिने मामा निवृत्त झाले. नारळ, शाल, भाषणं झाली. शेवटी चहा घेताना आम्ही दोघंच होतो. मी सहज म्हणालो, "मामा, ते स्टूल तुम्ही ओढतच का आणायचा हो? एवढं काही जड नव्हतं."

मामांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "जड कुटलं साहेब. पर उचलून आणलं असतं तर तुमी वर बगितलं असतं व्हय?"